ऊर्जाबचत – पण कोणाच्या जिवावर?

दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. दोन वर्षांपूर्वी त्या आठवड्यात पुण्याच्या पूर्वेकडच्या एका वस्तीत, आमच्या महिला गटाच्या मासिक बैठकीत, मी 'घरातली ऊर्जा कशी वाचवावी' या विषयावर बोलले. तयारी चांगली केली होती. वीस सूचनांचा एक कागद केला होता, त्याच्या झेरॉक्स प्रती वाटल्या. गरज नसताना दिवे-पंखे बंद ठेवावेत. विजेच्या उपकरणांचा वापर शक्य तितका कमी करावा. हाताने होणारी कामं हातानेच करावीत. स्वयंपाकाचा गॅस जपून वापरावा. जवळच्या अंतरासाठी वाहन न वापरता चालत जावं. बायकांनी मन लावून ऐकलं, चहा झाला, मी घरी आले. बैठकीच्या वहीत 'विषय : ऊर्जाबचत' अशी नोंद झाली आणि माझ्या मासिक अहवालात एक ओळ भरली.

पुढच्या बैठकीला गटातली एक जण उशिरा आली. ती चार घरची धुणीभांडी करते. उजवा खांदा धरून भिंतीला टेकून बसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "ताई, तुमचा कागद आमच्यात भिंतीला लावलाय." मला बरं वाटलं. मग पुढे म्हणाली, "सासूबाईंनी मिक्सर माळ्यावर टाकला. म्हणाल्या, तुझ्या मॅडमनीच लिहून दिलंय, हातानं होतंय ते हातानं करा. आता रोजचं वाटण पाट्यावर. धूर ओढायचा पंखापण बंद. मी म्हटलं, मग टीव्हीचं काय? तर म्हणाल्या, टीव्ही सगळ्यांचा आहे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी येताना बसमध्ये तो कागद पुन्हा काढून वाचला आणि हसू राहिलं नाही. माझ्या वीस सूचनांतल्या चौदा स्वयंपाकघरातल्या किंवा धुण्याभांड्यातल्या होत्या. आणि त्या सगळ्या 'करावे', 'टाळावे', 'वापरू नये' अशा. कोणी करावे, कोणी टाळावे, हे एकाही ओळीत नव्हतं. समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्ही जाणीव-जागृतीची तंत्रं शिकलो, पण आपल्या घरांमध्ये ज्या कामाला कर्ता नसतो ते काम आपोआप बाईच्या वाट्याला येतं, हे माझ्यासारख्या चळवळीत वावरणाऱ्या कार्यकर्तीच्याही लिहिताना लक्षात आलं नव्हतं.

हा लेख त्या कागदाची दुरुस्ती म्हणून लिहिते आहे. ऊर्जा वाचवायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कोळसा जाळून वीज होते, पेट्रोल आणि गॅस मोठ्या प्रमाणात बाहेरून विकत आणावे लागतात, हवामान बदलाची झळ पहिल्यांदा पाणी भरणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या बाईलाच लागते. म्हणणं एवढंच आहे की बचतीचा हिशेब पुरा मांडला पाहिजे. किती वीज वाचली, किती गॅस वाचला, हा एक रकाना. ती वाचवताना कोणाचे कष्ट वाढले, कोणाचे कमी झाले, हा दुसरा. आपण आजवर पहिलाच रकाना भरत आलो.

इंधनाचा प्रश्न आपला जुनाच

इंधन हा विषय स्त्री-चळवळीला नवा नाही. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार महिला संयुक्त समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो गृहिणी लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या, त्यात धान्य-तेल-साखरेबरोबर रॉकेलही होतं. पुढे ऐंशीच्या दशकात 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली' या बातमीमागे काय दडलेलं असतं, हे याच चळवळीने समाजाला विचारायला लावलं. चूल, स्टोव्ह, सिलिंडर यांच्याभोवती बाईचं आयुष्य कसं फिरतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरीही 'ऊर्जाबचत' हा शब्द आला की आपण तो सरकारी पत्रकातून उचलतो आणि तसाच बायकांच्या हाती देतो.

पत्रकांची भाषा पाहा. त्यात एक 'सुगृहिणी' असते. ती भाजी आधी चिरून ठेवते, डाळ भिजत घालते, भांड्यावर झाकण ठेवते, दिवे बंद करत घरभर फिरते. घरातले बाकीचे काय करतात ते चित्रात दिसत नाही. केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातलं बिनमोलाचं काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांचं काम दहा मिनिटांनी कमी झालं आणि पुरुषांचंही नऊ मिनिटांनी कमीच झालं. या २८९ मिनिटांत आपण 'हाताने करावीत' म्हणून आणखी किती मिनिटं घालणार आहोत?

मीटरसमोर बसून केलेला हिशेब

त्यानंतरच्या बैठकीत आम्ही कागद बाजूला ठेवला आणि प्रत्येकीला विजेचं बिल आणायला सांगितलं. निम्म्या जणींनी बिल पहिल्यांदाच हातात धरलं होतं. भरायला नवरा किंवा मुलगा जातो. बाईला फक्त 'बिल फार आलंय' एवढंच कळतं, तेही बोलणी खाताना.

हिशेब अवघड नाही. हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. उपकरणाच्या मागे किंवा खाली चिकटवलेल्या पट्टीवर वॉट लिहिलेले असतात. दहावीत शिकणाऱ्या एका मुलीला फळ्यावर उभं केलं आणि बायका सांगत गेल्या.

मिक्सर ५०० वॉटचा. रोज दहा मिनिटं चालला तर बारा दिवसांत एक युनिट, महिन्याला अडीच युनिटं. धूर ओढायचा पंखा ५० वॉटचा, दिवसाला दोन तास, महिन्याला तीन युनिटं. कपडे धुण्याच्या साध्या मशिनची मोटर ४०० वॉटची. दिवसाआड अर्धा तास म्हटलं तर तीही महिन्याला तीन युनिटं. म्हणजे ज्या तीन वस्तूंनी बाईचा खांदा, फुप्फुस आणि कंबर वाचते, त्या तिन्हींची मिळून महिन्याला साडेआठ युनिटं.

आता दुसरी बाजू. आंघोळीचा गिझर २००० वॉटचा. अर्धा तास चालला की एक युनिट, महिन्याला तीस. छताचा जुना पंखा ७५ वॉटचा. बारा तास फिरला तर महिन्याला सत्तावीस युनिटं. टीव्ही रिमोटने बंद करून झोपतात, पण त्याखालचा सेट-टॉप बॉक्स चालूच राहतो. तो दहा-पंधरा वॉट खात बसतो आणि न बघितलेल्या टीव्हीपायी महिन्याला पाच ते सात युनिटं जातात. मिक्सर आणि धुराचा पंखा मिळून जेवढी वीज लागते, साधारण तेवढीच किंवा थोडी जास्तच.

फळ्यावरचे आकडे बघून खांदा धरून बसलेली ती बाई म्हणाली, "म्हंजे माझा मिक्सर माळ्यावर अन् तो डबा रात्रभर चालू!" त्या दिवशीची ही खरी जाणीव-जागृती. माझ्या भाषणाने जे झालं नव्हतं ते एका भागाकाराने झालं.

हा हिशेब सगळ्या घरांना तसाच लागू होणार नाही, पण त्यातून दिसणारी गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. घरात 'चैन' म्हणून ज्यावर पहिला हात पडतो ती बाईचे कष्ट कमी करणारी वस्तू असते, आणि ती वीज फार कमी खाते. जास्त वीज लागते ती पाणी तापवायला, हवा गार करायला, इस्त्रीला. थोडक्यात, उष्णता तयार करण्याच्या आणि घालवण्याच्या कामांना. बचत तिथे शोधायला हवी.

आणि ती सापडते. पाण्याचा गिझर एकदा लावून सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकल्या तर तो तीन-तीनदा तापवावा लागत नाही. साध्या बल्बच्या जागी एलईडी लावला तर ६० वॉटचं काम ९ वॉटमध्ये होतं. २०१५ साली सरकारची एलईडी वाटपाची योजना आली तेव्हापासून हे दिवे वस्त्यांपर्यंत पोचलेही आहेत. नवा पंखा घ्यायचाच असेल तर बीएलडीसी मोटरचा घ्यावा, तो ३० वॉटच्या आसपास चालतो. थोडा महाग पडतो, पण दिवसाला बारा तास फिरणाऱ्या पंख्याचे जादाचे पैसे बिलातून वसूल होतात. फ्रिज भिंतीला चिकटवू नये, मागची गरम हवा निघून जायला जागा लागते. दाराच्या रबरात कागद धरून दार लावावं. कागद सहज ओढता आला तर रबर बदलायला झालं. टीव्ही आणि त्याचा डबा भिंतीवरच्या बटणाने बंद करावा, आणि हे काम शेवटी टीव्ही पाहणाऱ्याने करावं. महावितरणच्या बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर आणि त्यापुढे बराच चढा दर असतो. त्यामुळे शंभरच्या काठावर असलेल्या घरात दहा युनिटं वाचली तरी बिलात फरक दिसतो.

यातल्या एकाही सूचनेने बाईचं काम वाढत नाही. माझ्या पहिल्या कागदावर मात्र यातल्या निम्म्या नव्हत्या, आणि 'हाताने होणारी कामं' ठळक अक्षरात होती.

गरम पोळी

गॅसच्या सूचना आपल्या सगळ्यांना पाठ आहेत, आणि त्या खऱ्याही आहेत. कुकर वापरावा. एकाच कुकरात वरण, भात आणि बटाटे असे डबे लावावेत. हरभरा-राजमा रात्री भिजत घालावा. एकदा उकळी आली की आच मंद करावी, कारण उकळतं पाणी मोठ्या आचेने जास्त गरम होत नाही, नुसती वाफ होऊन जातं. ज्योत पिवळी दिसली तर बर्नर साफ करावा. यात बाईचा वेळही वाचतो, म्हणून तक्रार नाही.

पण गटातल्या बायकांनी आपला सिलिंडर खरोखर कुठे संपतो ते सांगायला सुरुवात केली, तेव्हा वेगळंच पुढे आलं. एक म्हणाली, "सासरे साडेसातला जेवतात, पोरं आठला, मालक दहाला. प्रत्येकाला पोळी तव्यावरची लागती. तवा तीनदा तापवायचा, भाजी तीनदा गरम करायची. मी शेवटी खाते, गारच." गॅस जपून वापरा, असं या बाईला सांगणं म्हणजे तिची चेष्टा आहे. तिच्या घरात गॅस वाचवायचा एकच मोठा उपाय आहे : सगळ्यांनी एका वेळी, तिच्यासह, जेवायला बसायचं. तवा एकदा तापेल, भाजी एकदा गरम होईल आणि तिची संध्याकाळ तिला परत मिळेल. पण हा उपाय कुठल्याही पत्रकात मी वाचलेला नाही, कारण त्यासाठी पुरुषांनी सवय बदलावी लागते. बाईने डाळ भिजवावी हे सांगणं सोपं. पुरुषाने साडेआठला ताटावर यावं हे सांगणं अवघड. म्हणून आपणही ते टाळत आलो.

पंक्तीत शेवटी जेवणाऱ्या बाईचा प्रश्न आपण पोषणाच्या शिबिरांत मांडतो, समतेच्या शिबिरांत मांडतो. तो ऊर्जेचाही प्रश्न आहे.

न भरलेला सिलिंडर ही बचत नव्हे

दुसऱ्या रकान्याची खरी परीक्षा चुलीपाशी होते. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. लाकूड कमी लागावं आणि धूर चिमणीवाटे बाहेर जावा, हा हेतू चांगलाच होता. पण चुली बांधून दिल्यावर देखभालीकडे लक्ष राहिलं नाही. अनेक ठिकाणी त्या काही वर्षांतच मोडल्या आणि बायका जुन्या चुलीकडे वळल्या. २००२ साली तो कार्यक्रम गुंडाळला गेला. त्यानंतर १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना आली. गरीब घरातल्या बाईच्या नावाने गॅसजोडणी, ही गोष्ट मोलाची होती आणि आहे. कागदावर का होईना, बाईच्या नावाची एक वस्तू घरात आली.

पण जोडणी मिळणं वेगळं आणि सिलिंडर भरून आणणं वेगळं. सरकारनेच दिलेल्या आकड्यांप्रमाणे उज्ज्वलाच्या एका घराने २०१९-२० साली वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर घेतले. २०२३-२४ पर्यंत तो आकडा चारच्या जवळ आला. १४.२ किलोचा एक सिलिंडर चार माणसांच्या घराला पुरवून पुरवून दोन महिने जातो. मग उरलेले महिने चूल कशावर पेटते? काटक्यांवर, गोवऱ्यांवर, वस्त्यांमध्ये तर फर्निचरच्या तुकड्यांवर आणि प्लॅस्टिकवरही. आमच्या वस्तीत बऱ्याच घरांत स्वयंपाक गॅसवर होतो, पण आंघोळीचं पाणी दारातल्या तीन दगडांच्या चुलीवरच तापतं. 'गॅस पुरवून वापरते हो माझी सून' असं कौतुकाने सांगितलं जातं. त्या पुरवण्यात तिचे दोन तास आणि तिचे डोळे जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात ३२ लाख माणसं दगावली. न भरलेल्या सिलिंडरला बचत म्हणायचं, तर हे मरण कोणत्या रकान्यात लिहायचं?

हीच गोष्ट जात्याची. हेमा राईरकर, गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आपल्या भाषेवर त्यांचे मोठे उपकार आहेत. पण हल्ली पर्यावरणाच्या नावाने काही मंडळी 'जुनं ते सोनं' म्हणत जातं, पाटा-वरवंटा, उखळ यांचं गुणगान करू लागतात तेव्हा मला भीती वाटते. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईने ओवी गायली ती जातं जड होतं म्हणून. ओवी जपू या. जात्यावर पुन्हा बसायला मात्र कोणी सांगू नये, आणि सांगायचंच असेल तर सांगणाऱ्याने आधी स्वतः किलोभर ज्वारी दळून दाखवावी.

रस्त्यावरची ऊर्जा

घराबाहेर पडलं तरी दोन रकाने संपत नाहीत. गाडीच्या चाकात हवा बरोबर ठेवावी, सिग्नलला इंजिन बंद करावं, ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या वेगाने चालवावी, दोन-चार कामं एका फेरीत उरकावीत. पेट्रोल वाचवण्याच्या या सूचना योग्यच आहेत. पण त्या ज्याच्याकडे गाडी आहे त्याला लागू. आमच्या गटातल्या बत्तीस जणींपैकी गाडी चालवणाऱ्या तीन. बाकीच्या चालतात, बसने जातात, सहा आसनी रिक्षात नऊजणीत बसून जातात. त्यातली एक रोज सकाळी अडीच किलोमीटर कामाच्या घरी चालत जाते, कारण दोन्ही वेळचं भाडं दिलं तर एका घरच्या पगारातला चांगला तुकडा जातो. तिच्या वाट्याचं पेट्रोल ती कधीच जाळत नाही. ऊर्जाबचतीचं बक्षीस द्यायचं तर तिला द्यायला हवं. आपण तिला व्याख्यान देतो.

बाईचा प्रवास सरळ रेषेत नसतो. घरातून कामावर आणि कामावरून घरी, असा पुरुषाचा प्रवास. बाई वाटेत मुलाला शाळेत सोडते, रेशनच्या रांगेत उभी राहते, येताना भाजी घेते, सासूचं औषध घेते. प्रत्येक टप्प्याला वेगळं तिकीट आणि वेगळी वाट पाहणं. म्हणून बसची फेरी वेळेवर येणं, थांब्यावर दिवा आणि शेड असणं, दिवसभराचा पास परवडणं, या तिच्यासाठी सोयी आहेत आणि शहरासाठी ऊर्जेची बचतही. एका भरलेल्या बसमध्ये जेवढी माणसं जातात तेवढी एकेकट्याने गाड्यांतून गेली तर किती इंधन जळेल, याचा हिशेब वेगळा सांगायला नको. १९९२ साली मुंबईत पश्चिम रेल्वेवर फक्त बायकांची लोकल सुरू झाली. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना निम्मं तिकीट झालं. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसगाड्यांत बायकांचा प्रवास मोफत झाला. या योजनांना कोणी 'फुकट वाटप' म्हटलं तर आपण सांगायला हवं की ही ऊर्जाबचतही आहे. बाई बसमध्ये टिकून राहावी म्हणून केलेला खर्च शहराच्या धुरातून वसूल होतो.

इथे आणखी दोन गोष्टी स्पष्टपणे म्हणायला हव्यात. पहिली, वीज वाचवायची म्हणून रस्त्यावरचे दिवे बंद करणं किंवा एकाआड एक लावणं हा उपाय आपण कधीही मान्य करू नये. अंधाऱ्या रस्त्याने रात्रपाळीची बाई कामावरून येणं सोडते, शिकवणीची मुलगी घरी बसते. दिवे एलईडीचे लावा, पण लावा. दुसरी, ज्या बाईच्या हातात कालपरवा स्कूटर आली तिला आज 'पर्यावरणासाठी चाल' म्हणू नका. तिच्या घरात पोरगा कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला मोटरसायकल काढतो. चालायला आधी त्याला लावू या.

'प्रत्येक गोष्टीत बाईचा प्रश्न कशाला?'

हे विचारणारे भेटतात, आपल्या पर्यावरणवाल्या मित्रांतही भेटतात. त्यांचं म्हणणं असं की संकट मोठं आहे, वेळ थोडा आहे, आता घरातल्या भांडणात पडू नये. मला वाटतं, नेमकं उलट आहे. जी बचत एका माणसाच्या अंगावर ढकललेली असते ती टिकत नाही. खांदा दुखायला लागला की मिक्सर पुन्हा खाली येतो, चिमणी तुंबली की बाई जुनी चूल मांडते. सगळ्यांनी मिळून केलेली बचतच टिकते.

शिवाय एक वर्गाचाही प्रश्न आहे. आमच्या गटातल्या बहुतेक घरांचं बिल महिन्याला साठ-सत्तर युनिटांचं. याच बायका ज्या घरांत फरशी पुसायला जातात तिथे रात्रभर एसी चालतो, आणि दीड टनाचा एसी आठ तासांत सात-आठ युनिटं सहज घेतो. एका रात्रीचा एसी म्हणजे जवळजवळ बाईच्या तीन वस्तूंचा अख्खा महिना. २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. ते आकडे खाली आणायला बोट ज्याचं जातं, ऊर्जाबचतीचं पहिलं व्याख्यान त्याच्या सोसायटीत व्हायला हवं. आपण वस्तीत जातो, कारण वस्तीत बायका आपलं ऐकतात.

गटांनी काय करावं

माझा प्रस्ताव साधा आहे. या तिमाहीत प्रत्येक गटाने एक बैठक विजेच्या बिलाची घ्यावी. बिल बाईने स्वतः वाचावं, घरातल्या वस्तूंचे वॉट लिहून आणावेत आणि युनिटं काढावीत. मग बचतीची प्रत्येक सूचना दोन प्रश्नांना लावून पाहावी. यात इंधन किती वाचतं? यात काम कोणाचं वाढतं? इंधनही वाचतं आणि बाईचं कामही कमी होतं, ते आधी करावं. इंधन वाचतं पण काम वाढतं, ते घरातल्या सगळ्यांनी वाटून घेतलं तरच करावं, नाहीतर नाही. आणि चिमूटभर विजेत बाईचे मोठे कष्ट वाचत असतील तर त्या वस्तूला हात लावू देऊ नये. दुसरी एक बैठक, शक्य असेल तर, घरातल्या पुरुषांना बोलावून घ्यावी. आम्ही घेतली. सात जण आले. त्यातले दोघे शेवटपर्यंत थांबले. सुरुवात म्हणून वाईट नाही.

त्या बाईच्या मिक्सरचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. फळ्यावरचा हिशेब तिच्या शाळकरी मुलीने वहीत उतरवून घेतला आणि माझ्या कागदाच्या शेजारी भिंतीला लावला. दोन-तीन आठवडे कोणी काही बोललं नाही. मग एका रविवारी मटण होतं, वाटणाला वेळ लागत होता, जेवायला उशीर व्हायला लागला, तेव्हा नवरा उठला आणि त्याने माळ्यावरून मिक्सर काढला. म्हणजे मिक्सर खाली आला तो त्याला भूक लागली म्हणून, हिशेबामुळे नव्हे. सासूबाई अजून कुरकुरतात. पण खाली आलेला मिक्सर पुन्हा वर गेलेला नाही, आणि रात्री तो डबा बंद करायचं काम आता मुलाकडे आहे. खांद्यावर मात्र अजून शेक चालू आहे.

माझा जुना कागद मी मागे घेतला आहे. नवा कागद एकटीने लिहायचा नाही, असं गटाने ठरवलं आहे. तुमच्या गावात, वस्तीत, चाळीत हा हिशेब मांडून पाहा आणि तुमच्या वहीतला दुसरा रकाना काय सांगतो ते आम्हाला जरूर कळवा.